मेंदूतल्या घड्याळाला नाइट शिफ्ट का कळत नाही?

रबाळेचा रातकिडा – मंगळवार, पहाटे ३:४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. आज माझी साप्ताहिक सुट्टी, म्हणजे आत्ता मी घोरत असायला हवं. त्याऐवजी ऐरोलीच्या घरात गॅलरीत बसून फरसाण खातोय, कारण पोटाची समजूत आहे की ही कॅन्टीनची वेळ आहे.

टीटीसी एमआयडीसीत एका केमिकल प्लांटवर बारा वर्षं काढली. तीन पाळ्या. ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. दर आठवड्याला पाळी बदलते, आणि बदलते तीही उलटी: आठवडाभर नाइट, मग सेकंड, मग फर्स्ट, की पुन्हा नाइट. पंचविशीत काही वाटलं नाही. आता चाळिशी दारात आलीय. नाइट करून आल्यावर साडेआठला डोकं टेकतो आणि अकराला टक्क जागा. भंगारवाला, वरच्या मजल्यावरचं ड्रिल हे आहेच, पण जाड पडदे लावून, कानात कापूस घालूनही तेच. फर्स्टच्या आठवड्यात उलट. सव्वासहाची बस पकडायला उठताना अंगात जीव नसतो. नाइटची जरा सवय होतेय म्हणेपर्यंत आठवडा संपलेला.

बायको म्हणते, तुझ्या घड्याळाचा सेल गेलाय. परवा एका फॉरवर्डमध्ये वाचलं की मेंदूत खरंच घड्याळ असतं. असेल तर ते पाळीप्रमाणे लावून का घेता येत नाही? मनगटावरचं दोन सेकंदात लागतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. दुधात जायफळ, अश्वगंधा, मेलाटोनिन सगळं करून झालंय, ते सुचवू नये.

मिठागर – मंगळवार, सकाळी ७:१०

पावणेचारला धागा काढून वर 'प्रकाश टाकावा'? तो टाकला तर घड्याळ अजून बिघडेल ना. हलके घ्या.

कोपरीकर – मंगळवार, सकाळी ८:०५

वागळे इस्टेटमध्ये मी ३१ वर्षं काढली. डबल ड्यूटी करायचो, घरी येऊन भिंतीला टेकलो तरी झोप लागायची. तेव्हा हातात मोबाइल नव्हता, एवढाच फरक. बाकी घड्याळबिड्याळ ही सगळी नवी थेरं.

मिठागर – मंगळवार, सकाळी ८:१९

काका, ३१ वर्षं भिंतीला टेकून झोपलात हाच पुरावा धरायचा का?

पाचपाखाडी – मंगळवार, दुपारी १:३०

रातकिडा, प्रश्न फार चांगला विचारलात. पीएचडीची पाच वर्षं मी उंदरांच्या मेंदूच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत काढली आणि विषय नेमका हाच होता, त्यामुळे लांबण लागणार. डब्यातलं खाऊन झालंय, वेळ आहे.

'मेंदूतलं घड्याळ' म्हटलं की भिंतीवरचं एक लंबकाचं घड्याळ डोळ्यांसमोर येतं. तिथेच गफलत होते. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोब्बर वर, डावीउजवीकडे, पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. नाव लांबलचक, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. आम्ही एससीएन म्हणतो. उंदरात दोन्ही मिळून साधारण २०,००० पेशी. तेवढी माणसं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बसवली तर निम्मंही भरणार नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे उंदरांतला हा पुंजका नष्ट केला आणि उंदरांची दिवसरात्रच हरवली. झोपायचे, खायचे, पळायचे, पण वेळ म्हणून काही उरली नाही.

नंतरचा प्रयोग माझा सगळ्यात लाडका. मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनेकर यांना १९८८ मध्ये एक हॅमस्टर (उंदराच्या जातकुळीतला छोटा प्राणी) सापडला. त्याच्या वंशात २० तासांचा दिवस असलेले प्राणी जन्माला येऊ लागले. चुकीच्या दिवसाचे म्हणा हवं तर. १९९० मध्ये त्यांनी नेहमीच्या हॅमस्टरचा एससीएन काढून जागी या वंशाच्या गर्भातला एससीएन बसवला. तो प्राणी २० तासांच्या दिवसावर चालू लागला. उलट अदलाबदल केली तर २४ तासांवर. बाकीचा सगळा देह स्वतःचा, वेळ मात्र दात्याची.

आता मुद्दा. १९९५ मध्ये डेव्हिड वेल्श आणि सहकाऱ्यांनी या पेशी सुट्या करून सूक्ष्म इलेक्ट्रोडच्या पाटीवर वाढवल्या आणि प्रत्येकीचे विद्युत ठोके दिवसेंदिवस मोजले. एकटी पेशीसुद्धा घड्याळ होती, पण एकाच पाटीवरच्या शेजारणींचं आपसात जुळत नव्हतं. एकीची दुपार तेव्हा दुसरीची मध्यरात्र. पुढे असंच मोजत गेल्यावर दिसलं, की कुणाचा दिवस बावीस-तेवीस तासांचा तर कुणाचा सव्वीसच्याही पुढे. अख्ख्या पुंजक्यात ठेवल्या तर मात्र मिनिटांच्या हिशेबात वक्तशीर.

म्हणजे वक्तशीरपणा कुठल्याही एका पेशीत नाही. तो त्यांच्या बोलण्यात आहे.

लंच संपला, उरलेलं संध्याकाळी.

वाचाळ वाशी – मंगळवार, दुपारी २:०२

वाखूसा, म्हणजे वाचनखूण साठवली. पण ताई, एकटी पेशी वेळ मोजते ती कशाने? आत क्वार्ट्झ तर नाही.

निवृत्त मास्तर – मंगळवार, सायं. ५:४५

त्या येईपर्यंत मी सांगतो, शिकवायची खोड जात नाही. पेशीत दोन प्रथिनं जोडीने काही जनुकं चालू करतात. त्या जनुकांपासून पर आणि क्राय नावाची प्रथिनं तयार होतात, हळूहळू साठतात, केंद्रकात शिरतात आणि ज्यांनी आपल्याला जन्माला घातलं त्यांचंच तोंड दाबतात. मग नवं उत्पादन थांबतं, जुनं झिजतं, दाब सुटतो, पुन्हा पहिल्यापासून. या फेरीला साधारण २४ तास लागतात. पर जनुकाचा पहिला धागा १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळमाशीत मिळाला. हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं ते याच यंत्रणेबद्दल. तोवर कोनोप्का आणि बेंझर दोघेही हयात नव्हते, ही रुखरुख मला आजही आहे.

मी नौपाड्याच्या घरी कुंडीत लाजाळू लावली आहे. १७२९ मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने लाजाळूचं रोप अंधारात कोंडलं, तरी पानं सकाळी उघडत राहिली. सगळा विषय तिथून सुरू होतो. मुलांना दाखवा, कपाटात ठेवून बघता येतं.

पाचपाखाडी – मंगळवार, रात्री ९:१५

सर, धन्यवाद, माझं अर्धं काम केलंत.

बोलतात कशाने? बऱ्याच गोष्टींनी. जवळपास सगळ्याच पेशी गाबा नावाचं रसायन वापरतात, काही शेजारणींमध्ये थेट फटीही असतात. पण ठेका एक ठेवायचं मुख्य काम व्हीआयपीचं. हसू नका, खरंच तसं नाव आहे. व्हॅसोअॅक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड. १९७० मध्ये ते डुकराच्या आतड्यात सापडलं म्हणून नावात आतडं आलं. एससीएनमधल्या दहातल्या एखाद्याच पेशीत ते बनतं. या पेशी पुंजक्याच्या खालच्या भागात, डोळ्यांच्या तारा जिथे येतात तिथेच बसलेल्या. उजेडाची बातमी पहिली यांना, मग त्या व्हीआयपी सोडून इतरांना कळवतात.

२००५ मध्ये सारा एटन, एरिक हर्झोग वगैरेंनी व्हीआयपी नसलेल्या उंदरांचा एससीएन तपासला. बऱ्याच पेशींनी ठेकाच सोडला. ज्यांनी धरून ठेवला त्याही आपापल्या वेळेने चालल्या. पेशी जिवंत, प्रत्येकीचं जनुकांचं यंत्र शाबूत, पण अंधारात ठेवल्यावर उंदराच्या चाकावरच्या पळण्याला धड वेळ राहिली नाही.

त्याआधी, २००३ मध्ये, जपानी गटाने वेगळंच केलं होतं. ज्या पेशीत घड्याळाचं जनुक चालू होईल ती चमकेल अशी सोय करून चकतीचं चित्रण केलं. लाट उठावी तशी चमक दर दिवशी ठरलेल्या क्रमाने पसरते. त्यावर पफर माशाचं विष टाकलं, म्हणजे विद्युत ठोके बंद, बोलणं बंद. काही दिवसांत चमक विस्कटली. विष धुऊन काढलं, आणि पेशी पुन्हा जुळल्या. मी स्वतः हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा कॉफी गार झाली होती.

ढोलताशा ठाणे – मंगळवार, रात्री ९:४०

अहो हे तर आमचं पथक! सरावाला नवीन पोरं येतात, प्रत्येकाच्या हातात आपला आपला ठेका, कुणी पळतं, कुणी मागे पडतं. पन्नास ढोल एकत्र आले की कुणाला पळताच येत नाही, शेजारच्याचा ढोल छातीत वाजतो. ताशावाला म्हणजे व्हीआयपी, बरोबर?

पाचपाखाडी – मंगळवार, रात्री ९:५८

नव्वद टक्के बरोबर. ढोल छातीत वाजतो हे तर मला पाच वर्षांत सुचलं नाही. ताशावाल्यापाशी थोडं अडतं. ताशाचा हात बदलला की सगळे ढोल त्यामागे जातात. एससीएनमध्ये व्हीआयपीच्या पेशीही स्वतः बाकीच्यांकडून ऐकत असतात, हुकूम सोडणारं कुणी नाही. वारीतल्या दिंडीतले टाळकरी जास्त जवळचे वाटतात. विणेकरी पुढे असतो, पण ठेका त्याच्या एकट्याच्या हातात नसतो.

ढोलताशा ठाणे – मंगळवार, रात्री १०:०४

ताई, आमचा ताशावाला हे वाचतो. त्यालाही हेच सांगायचं होतं कुणीतरी.

शंकासुर – मंगळवार, रात्री ११:२०

सगळं उंदीर, हॅमस्टर, माशा. उंदीर रात्री जागतो, आपण दिवसा. त्याचं शास्त्र माणसाला कसं लागू? माणसाची व्हीआयपी काढून बघितली का कुणी?

पाचपाखाडी – बुधवार, सकाळी ८:४०

नाही, आणि बघूही नये. पण शंका रास्त आहे. गंमत अशी की उंदीर रात्री जागत असला तरी त्याच्या एससीएनच्या पेशी आपल्यासारख्या दिवसाउजेडी प्राण्यांप्रमाणेच दिवसाच जास्त ठोके देतात. पुंजका फक्त 'बाहेर दिवस आहे' एवढंच सांगतो, त्यावर जागायचं की झोपायचं हे पुढचे भाग ठरवतात. माणसाच्या मेंदूत तीच जागा आणि व्हीआयपी व व्हॅसोप्रेसिन (बोलायचं आणखी एक रसायन) बनवणाऱ्या तशाच पेशी आहेत. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने माणसांना मंद उजेडात, बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता ठेवून मोजलं तेव्हा माणसाचा आतला दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा निघाला. ही ११ मिनिटं लक्षात ठेवा, रातकिडांच्या प्रश्नाला लागतील.

रबाळेचा रातकिडा – बुधवार, दुपारी १२:१५

सेकंड आहे, बसला वेळ आहे म्हणून लिहितो. सगळं दोनदा वाचलं. एक कळलं नाही. इतकं छान जुळवून घेतात तर माझ्या पाळीशी का नाही जुळवून घेत? बोलतात ना आपसात, मग 'साहेबाची पाळी बदलली गं बायांनो' एवढं बोलायला काय होतं?

पाचपाखाडी – बुधवार, रात्री १०:३०

कारण त्या फार बोलतात.

२०१३ मध्ये क्योटोच्या हितोशी ओकामुरा यांच्या गटाने व्हॅसोप्रेसिनचे दोन ग्राहक नसलेले उंदीर घेतले. ग्राहक म्हणजे पेशीवरचे कान समजा. व्हॅसोप्रेसिन हे एससीएनच्या वरच्या भागातल्या पेशींचं बोलायचं रसायन. दिव्यांची वेळ एकदम ८ तास अलीकडे सरकवली. साध्या उंदरांना जुळायला आठवड्याहून जास्त लागला. या बहिऱ्या उंदरांना दोन-चार दिवस. अंधारात सोडले तर वेळ बरी पाळायचे, पण बाहेरून ढकललं की लगेच सरकायचे.

म्हणजे ज्या गप्पांमुळे घड्याळ वक्तशीर राहतं, त्याच गप्पांमुळे ते हट्टी होतं. आणि हट्ट हवाच. रात्री दोनला बाथरूमचा दिवा लावला आणि मेंदूने सकाळ जाहीर केली, असं झालं तर कसं चालेल? एक-दोघी बिथरल्या तरी बाकीच्या हजारो म्हणतात, गप बस, अजून रात्र आहे. तुमच्या नाइटलाही त्या हेच म्हणतात.

त्यात नाइटला तुम्ही त्यांना पुरावाही उलटा देता. डोळ्याच्या पडद्यात बघण्यासाठीच्या पेशींखेरीज मेलनॉप्सिन असलेल्या काही पेशी असतात. निळसर उजेड मोजायचा आणि एससीएनला कळवायचा, हे त्यांचं काम. कंट्रोल रूममध्ये उजेड पाचशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असला तर खूप. सकाळी घरी येताना उघड्या उन्हात दहा हजारांच्या पुढे. त्या हजारो जणींनी कुणावर विश्वास ठेवायचा, ट्यूबलाइटवर की सूर्यावर?

पाळी बदलली की पुंजक्यात फूटही पडते. उजेडाची बातमी ज्यांना आधी मिळते तो खालचा भाग लवकर सरकतो, वरचा जुन्या वेळेला चिकटून राहतो. यकृताचं आणखी तिसरंच. प्रत्येक अवयवात स्वतःची घड्याळं आहेत, आणि यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेला फार मानतं. रात्री तीनला कॅन्टीनमध्ये वडा-पाव खाल्लात की यकृत म्हणतं दुपार, एससीएन म्हणतो मध्यरात्र. परवाचं फरसाण त्यातलंच.

मिठागर – बुधवार, रात्री १०:४१

म्हणजे एकाच घरात सासू जुन्या वेळेवर, सून नव्या वेळेवर आणि सासरे जेवणाच्या वेळेवर.

भाजीचा गाळा – गुरुवार, पहाटे ४:५०

वाशी मार्केटातून लिहितोय. आत्ता जरा उसंत. आमच्या वडिलांनी ३५ वर्षं भाजीचा गाळा चालवला. रात्री दोनला उठायचं, अडीचला माल उतरायचा, सकाळी दहाला घरी, संध्याकाळी सातला झोप. ते कधी म्हणाले नाहीत की झोप लागत नाही. रबाळेच्या भाऊंना त्रास आणि आमच्या बाबांना नाही, असं का?

पाचपाखाडी – गुरुवार, सकाळी ९:१०

उत्तर तुम्हीच दिलंत. ३५ वर्षं एकच वेळ. संध्याकाळी सातची झोप ही रात्र अलीकडे ओढलेली आहे, पण रोज तेवढीच, आणि पहाटे उठून उजाडेपर्यंत मार्केटचे दिवे. घड्याळ एकदा तिथे बसलं की त्याचा हट्ट तुमच्या बाबांच्या बाजूने.

निवृत्त मास्तर – गुरुवार, सकाळी ११:००

बोलण्यावरून आठवलं म्हणून अवांतर. मदुरै कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास गुहेतल्या वटवाघळांवर काम केलं. गुहेत पूर्ण अंधार, पिंजऱ्यात कोंडलेलं वटवाघूळ, बाहेरचा सूर्य दिसायची सोय नाही. तरी मोकळी वटवाघळं रोज संध्याकाळी बाहेर पडायची, पहाटे परतायची, त्या गलबल्यावर कोंडलेल्याचं घड्याळ लागलेलं राहायचं. मोकळी नसलेल्या जागी ठेवलं की ते हळूहळू सरकायचं. पेशींचं जे तेच वटवाघळांचं. आपल्याकडच्या या कामाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं.

तुर्भे युनियन – गुरुवार, दुपारी ४:२०

रातकिडा, तुमची पाळी उलटी फिरते तिथेच खरी मेख आहे. नाइट, सेकंड, फर्स्ट म्हणजे दर आठवड्याला ८ तास लवकर. १९८२ मध्ये 'सायन्स' मासिकात याच झाइस्लर यांचा लेख आला होता, अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यावर. तिथेही पाळी दर आठवड्याला उलटी फिरायची. त्यांनी ती सुलटी केली, फर्स्ट, सेकंड, नाइट, आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलायला लावली. कामगारांचं समाधान वाढलं, उत्पादनही वाढलं. ताईंची ती ११ मिनिटं इथे येतात. घड्याळाला मुळातच थोडं उशिरा जायची ओढ, त्यामुळे उशिरा ढकलणं सोपं, अलीकडे खेचणं जड. मागणी लिहून द्या. कारखान्यात 'शरीराला त्रास होतो' म्हटलं की हसतात, 'उत्पादन' म्हटलं की खुर्ची देतात.

कोपरीकर – गुरुवार, सायं. ७:३५

माझीही उलटीच फिरायची. आज ७१ आहे. रात्री अडीचला उठून बसतो. मोबाइलवर ढकललं ते मागे घेतो.

पाचपाखाडी – गुरुवार, रात्री ९:५०

काका 🙏

रातकिडा, मी औषधांची डॉक्टर नाही. त्रास वाढला तर झोपेच्या डॉक्टरांना भेटा. पण आठवड्यासाठी अख्खं घड्याळ फिरवायच्या मागे लागू नका, ते तेवढ्यात येत नाही. नाइटच्या पहिल्या अर्ध्यात भरपूर उजेड, परतीच्या बसमध्ये काळा चष्मा. स्वतः गाडी चालवत असाल तर मात्र नको, पेंग येते. आणि कुठलीही पाळी असली तरी झोपेचे काही तास रोज एकाच वेळी पडतील असं बघा. कॅन्टीनमधलं जेवण रात्री बाराच्या आत उरका.

रबाळेचा रातकिडा – सात आठवड्यांनी, पहाटे २:२५

धागा वर आणतोय. मागणी लिहिली, 'उत्पादन' शब्द चार वेळा घातला. मॅनेजरनी वाचून विचारलं, हे व्हीआयपी कोण? समजावून सांगितलं. फक्त आमच्या सेक्शनला सुलटी पाळी, तीन महिने ट्रायल. तीन आठवड्यांचं नाही मानलं, दोनवर तुटलं. नाइटनंतर आता दीडपर्यंत झोपतो. फर्स्टवर येताना अजूनही मेल्यासारखं होतं. काळ्या चष्म्यामुळे बसमध्ये मला रजनीकांत म्हणतात.

भाजीचा गाळा – पहाटे २:३१

अभिनंदन भाऊ. आमच्या बाबांनी दिवाळीत गाळा माझ्यावर सोपवला. आता त्यांना कुठे जायचं नाही. तरी दोनला उठतात, लाइट न लावता ओट्याशी बसून मेथी निवडतात. आई म्हणते, झोपा हो. ते म्हणतात, गाडी येईल आता.

रबाळेचा रातकिडा – पहाटे २:३४

त्यांना सांग, एमआयडीसीत पण एक जण जागा आहे.